आमच्या वाटणीची कौलं

वैशाख लागला की माझे कान एक आवाज शोधायला लागतात. कौलावर कौल टेकल्याचा. चौक गावाजवळच्या आमच्या चार मजली इमारतीत तो ऐकू येण्याची काही सोय नाही. इथं पावसाळ्याची तयारी म्हणजे सोसायटीची एक मीटिंग, तिच्यात कुणाच्या न्हाणीमुळे कुणाचं छत गळतं यावरून जुंपलेलं भांडण, आणि मग कधीतरी दोन माणसं येऊन गच्चीवर डांबर ओतून जातात. जिन्यात सगळीकडे रस्ता तयार होत असल्यासारखा वास. परवा तो वास नाकात शिरला आणि मी नवऱ्याला सांगून टाकलं, "रविवारी मी माहेरी चालले. शाळेची शाकारणी आहे."

"तुझी शाळा सुटून जमाना झाला की गं," तो म्हणाला.

शाळा सुटली, पण पट्टा कुठे सुटलाय? हे त्याला कितीदा सांगितलं तरी समजत नाही. त्याचं गाव घाटावरचं, मातीच्या धाब्याच्या घरांचं. कौलाशी त्याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे त्याचा राग तरी काय करायचा.

माझं माहेर कर्जत-मुरबाड रस्त्यावर, कशेळ्याच्या अलीकडे आत वळून. एसटीनं यायचं आणि मग जीपची वाट बघत आंब्याखाली उभं राहायचं. गावाच्या जुन्या सामाईक खळ्यावर, जिथे पूर्वी भाताची झोडणी व्हायची, तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. दोन खोल्या, पुढे पडवी आणि वर मंगलोरी कौलं. कौलारू छपराचं दुखणं असं की ते दर वर्षी बघावं लागतं. वानरं नाचतात, आंबे पडतात, उंदीर घरं करतात. म्हणून पावसाच्या आधी कौलं उतरवून, खालचा केर झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. हीच शाकारणी.

आमच्या गावानं शाळेचं छप्पर घराघरांत वाटून घेतलेलं होतं. कधी, कुणी, कुणाच्या डोक्यातून हे निघालं, कुणालाच सांगता येत नाही. आढ्यापासून वळचणीपर्यंत उभा एकेक पट्टा एकेका घराचा. घरात भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, शेतात बांध पडले, पण शाळेवरचा पट्टा तेवढा एकत्र राहिला. डोंगरावरच्या वाडीतली पोरं आमच्याच शाळेत येत, म्हणून झेंड्याच्या खांबाकडचा पट्टा वाडीचा. आमचा पट्टा मागच्या अंगाला, दुसऱ्या खिडकीवर.

यातली खरी गंमत पावसाळ्यात असे. पाऊस लागला की वर्गात कुठेतरी ठिबकायला सुरुवात व्हायची, आणि गुरुजी बादली मागवायच्या आधी पोरं वर बघून ओरडायची, "मोरेंचं गळतंय! मोरेंचं गळतंय!" मग मोरेंच्या पोरांनी खाली मान घालायची, घरी जाऊन आईला सांगायचं, आई बापाला बोलायची आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात गोणपाटाची खोळ घेतलेला बाप शाळेच्या छपरावर. गणितात नापास झालेलं चालायचं आमच्या गावात, पण आपलं गळलेलं चालायचं नाही. एका वर्षी आमचंच गळलं. थेंब नेमका माझ्या पाटीवर. मी पुसत होते आणि तो पडत होता, आणि सगळा वर्ग दात काढत होता. संध्याकाळी मी घरी तोंड फुगवून बसले तेव्हा आई दादांना म्हणाली, "जावा, तुमची अब्रू ठिबकतेय तिकडं."

दादा म्हणजे माझे वडील. मीच काय, सगळं गाव त्यांना दादाच म्हणतं. शाकारणीच्या दिवशी ते धोतराचा काचा मारून वर चढायचे आणि आई खाली उभी राहून एकेक कौल हातात द्यायची. हातात द्यायच्या आधी बोटाच्या पेरानं त्यावर एक टिचकी मारायची. चांगलं कौल खणखणतं. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. आईला डोळे मिटूनही कळायचं. आम्हा पोरींना कौलावर टिचकी मारायला शिकवलं ते तिनं, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात माठ घ्यायला गेले तेव्हा दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. आता आई नाही. पण माठ घेताना, बरणी घेताना, कपबशीसुद्धा घेताना माझं बोट आपोआप उठतं आणि त्या क्षणी ती माझ्या शेजारी उभी असते.

वैशाखातलं माहेर म्हणजे नुसता वासांचा गोंधळ. शेताच्या कोपऱ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजलेला असतो, त्याची राख वाऱ्यावर उडत असते. अंगणात तांदळाच्या फेण्या वाळत असतात आणि त्यांच्यावर जुनी साडी. चुलीवर सुकट भाजली जात असते आणि शेजारच्या घरातली पोरं "आमच्याकडं पण आज सुकटच हाय," असं सांगत येऊन उभी राहतात. दुपारी वाडीवरच्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन उतरतात. आणि सगळ्यावर लग्नाच्या मांडवातला कर्णा, या गावातून त्या गावात एकमेकांवर ओरडणारा. लग्नसराई आली की दादांचा भाव वधारायचा. कारण सोयरीक जुळवताना वडीलधारा म्हणून त्यांनाच पुढे बसवायचे.

आमच्या भावकीत सोयरीक ठरली की नारळ बदलतात. मुलीकडचा म्हातारा मुलाकडच्या म्हाताऱ्याला देतो, तो याला देतो. दोघं कपाळाला लावतात. तो नारळ फोडायचा नसतो. लग्न लागेपर्यंत देवापाशी ठेवायचा. कागद नाही, सही नाही. नारळ बदलला म्हणजे शब्द दिला, आणि दादांनी बदललेला नारळ म्हणजे दगडावरची रेघ. किती संसार उभे राहिले त्यांच्या हातानं! कुणी नारळ पुढे केला की त्यांचा हात आपोआप पिशवीतल्या नारळाकडे जायचा. ही सवयच त्यांना नडली.

मी सांगते आहे तो वैशाख फार जुना नाही. सरकारी शाळा मोठमोठ्या कंपन्यांना दत्तक द्यायचं वारं सुटलं होतं, तेव्हाचा. त्याच्या आधी, चैत्रात, एका कंपनीचे साहेब गावात येणार म्हणून निरोप आला. शाळेला काहीतरी देणार आहेत एवढंच कळलं. दप्तरं असतील, रंग असेल, फार तर पाण्याची टाकी. खळ्यावर सतरंजी अंथरली, सरबत झालं, लेझीम झालं. मीही होते, पाडव्याला आले ती राहिले होते. साहेब म्हणजे कोवळा पोरगाच होता, चेहऱ्यानं साधा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. गावातलं सगळ्यांत वयस्कर माणूस म्हणून त्यानं आधी दादांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. दादांनी कपाळाला लावला, आणि पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेला, आमच्याच परसातल्या माडाचा नारळ त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "गोड मानून घ्या."

मग भाषण झालं. मग चित्र उलगडलं. खळ्यावर स्लॅबची रंगीत इमारत, कमानीवर कंपनीचं नाव मोठं आणि गावाचं त्याच्याखाली. शाळा काही वर्षं कंपनी सांभाळणार. नवीन मास्तर त्यांचे, शिकवायची तऱ्हा त्यांची. कुणीतरी मागून विचारलं, "फी लागंल का?" साहेब म्हणाला, "सध्या तरी नाही." कुणी विचारलं, "जागा कोनाची मग?" तो म्हणाला, "ते वरून ठरेल." टाळ्या झाल्या त्या सतरंजीच्या पुढच्या बाजूलाच. मागे सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मग दादांच्या हातातल्या नारळाकडे. आमच्या गावात नारळ बदलल्यावर मुलीच्या बाजूनं कुणी तोंड उघडत नाही.

आज शहाणी माणसं हसतील. सत्काराचा नारळ तो, त्यानं शाळा जाते होय? मीसुद्धा दादांना हेच सांगत होते. पण ज्या माणसानं आयुष्यभर कागद पाहिला नाही आणि एक वेळ सोडली तर नारळ मोडला नाही, त्याला नारळ हाच कागद. गाडी धूळ उडवत गेली. दादा घरी आले, तो नारळ देवापाशी ठेवला आणि जेवले नाहीत.

त्यानंतर मी वैशाखात पुन्हा माहेरी आले तेव्हा गावभर खणखणाट चालू होता. प्रत्येक घरावर कुणी ना कुणी चढलेलं. फक्त शाळेवर कुणी नव्हतं. मागच्या पावसाळ्यातला पाचोळा तसाच, वानरांनी सरकवलेली कौलं तशीच, पडवीत रचून ठेवलेल्या नव्या कौलांवर धूळ. मी जीपमधून उतरले आणि आधी तेच डोळ्यांत भरलं. लेकीनं वेणी घातलेली नसावी आणि आईनं बघितलेलं नसावं, तसं काहीतरी वाटलं मला.

"दादा चढू देत नाहीत," वहिनी म्हणाली. माझा भाऊ रसायनीला एका कारखान्यात शिफ्टवर असतो, त्यामुळे घरातल्या बातम्या वहिनीकडून घ्यायच्या. "म्हनतात, पोर दिली की तिच्या घरात आपन ढवळाढवळ करायची नाय. आता छप्पर त्यांनी बघावं."

"आणि गाव?"

"गाव काय! ठराव करूया म्हनतात, मोर्चा काढूया म्हनतात, आनि दादांच्या समोर आले का पान खाऊन जातात. यांचा शब्द मोडायचा कोनी?" मग जरा थांबून म्हणाली, "मला इचाराल ताई, तर स्लॅब काय वाईट नाय. गळत तरी नाय."

तिचं खोटं नव्हतं. माझी भाची स्वरा तेव्हा पिवळ्या व्हॅनमधून कशेळ्याच्या पलीकडच्या इंग्रजी शाळेत जायची. गळ्यात टाय, उन्हात घाम. गावातली निम्मी पोरं त्याच व्हॅनमध्ये. शाळा आमची म्हणून छाती बडवणाऱ्यांची पोरं आधी व्हॅनमध्ये बसली होती, हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला ते खुपत होतं, पण सकाळी उठून डबा भरणारी ती, व्हॅनवाल्याचा फोन घेणारी ती. मी दोन दिवसांची पाहुणी, मी कोण बोलणार?

दुपारी दादा पडवीत आडवे झाले होते. मी पन्ह्याचा पेला नेऊन ठेवला. ते छताकडे बघत होते, आमच्या घराच्या नुकत्याच लावलेल्या कौलांकडे.

"नंदा," ते म्हणाले, "आपलं आता गळायचं नाय बघ."

"आपलं नाही गळणार. शाळेचं?"

एवढ्यात अंगणात पाटी टेकल्याचा आवाज झाला. भीमाबाई. वाडीवरची. मी लहान असल्यापासून ती आमच्याकडे करवंदं घेऊन येते. माझ्या वर्गात तिची धाकटी बहीण होती आणि आता तिची नात आमच्या शाळेत आहे. तिनं करवंदांचा द्रोण माझ्या हातात दिला, पण बोलली दादांशी.

"दादा, येक इचारू का? आमचा पट्टा हाय, का त्यो पन दिला?"

दादा उठून बसले.

"न्हाय म्हंजे," ती म्हणाली, "तुमी तुमचा दिला तर दिला. आमचा देताना आमाला इचारलं नाय कोनी. माजा सासरा चढायचा खांबाकडं, मग माजा नवरा चढला, आता पोरगा चढंल. आनि त्यो साहेब म्हनला सध्या फी नाय. सध्या म्हंजे किती पावसाळं? तुमची पोरं व्हॅननी जातील. आमची कुठं जातील?"

वहिनी दारात येऊन उभी होती. व्हॅनचं नाव निघालं तशी ती आत गेली.

दादांनी खांद्यावरचा पंचा मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाले, "भीमे, तुझं खरं हाय. पन नारळ बदललाय गं. शब्द गेलाय माझा. या वयात आता शब्द फिरवू?"

म्हाताऱ्याचा आवाज कापला. मी तो आवाज आयुष्यात एकदाच तसा ऐकला होता आणि त्याच क्षणी मला तो दिवस आठवला. आमच्या घरात त्या दिवसाचा विषय कधी काढत नाहीत. पण माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझा नारळ परत केलात तेव्हा नव्हता का गेला शब्द?"

मी दहावीत असताना माझी एक सोयरीक जुळली होती. खालापूरकडचं चांगलं घर, विहीर, भाताची मोठी जमीन. दादांनीच नारळ बदलला होता. मग त्यांच्याकडून निरोप आला की परीक्षेला बसवू नका, लग्न आधी उरका, आमच्यात सुना पुढे शिकत नाहीत. आईनं पदरानं डोळे पुसले आणि बस्त्याच्या साड्या बघायला घेतल्या. मी शाळेच्या मागच्या भिंतीला, आमच्या पट्ट्याखाली, जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा धोतर नेसले, टोपी घातली, देवापासचा त्या घरचा नारळ घेतला आणि एकटे गेले. परत आले तेव्हा हातात आमचा नारळ होता. आईला म्हणाले, "फोड. पोरीला खोबरं दे." त्यांचा आवाज तेव्हा असाच कापत होता. भावकीतली माणसं वर्षभर त्यांच्याशी नीट बोलली नाहीत. सोयरीक जुळवायला त्यांना बोलावणंही बंद झालं होतं काही काळ. आणि मी नर्सिंगला गेले. आज सरकारी दवाखान्यात नोकरी करते, बाळंतिणींचे पाय उचलते आणि लेकरं जगात आणते, ती त्या परत केलेल्या नारळाच्या जिवावर.

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगितलं. रडत रडतच सांगितलं, भीमाबाईसमोर.

दादा पन्ह्याच्या पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला एका दमात रिकामा केला, पंच्यानं मिशा पुसल्या आणि म्हणाले, "माझी टोपी कुठं हाय?"

पुढचं सगळं गावानं केलं. जे तोंडात पान धरून बसले होते त्यांची तोंडं एकदम सुटली. ग्रामसभा झाली. शाळा कुणाला द्यायची नाही असा ठराव झाला, आणि तो लिहिताना कुणीतरी "सर्वानुमते" म्हणाला तेव्हा दादांनी थांबवून वाडीवरच्या बायांना वर हात करायला लावले. ठराव तालुक्याला दिला. पण दादांचं तेवढ्यानं समाधान होईना. ठराव सरकारला, पण नारळ साहेबाला दिलेला. तो त्याच्याच हातात परत गेला पाहिजे. मग एका टेंपोत बसून सगळे त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. बाया पुढे, भीमाबाई ड्रायव्हरशेजारी. मीही गेले. घोषणा द्यायच्या ठरल्या होत्या, पण त्या काचेच्या दारात दरवानानं "किससे मिलना है?" विचारलं आणि सगळ्यांची दातखीळ बसली. दादा म्हणाले, "सोयऱ्याला भेटायचं हाय." दरवानाला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं साहेबाला खाली बोलावलं.

तो आला. दादांनी शाल घडी करून आणली होती, तिच्यावर नारळ. दोन्ही त्याच्यासमोर धरून म्हणाले, "बाबा, तू चांगल्या मनानं आलास. तुझ्यात खोट नाय. पन आमाला ही सोयरीक जमायची नाय. तुझं तुला घे, आमचं आमाला दे."

बिचारा पोरगा. त्याला ठराव आला असता तर त्यानं वर पाठवला असता, मोर्चा आला असता तर पोलिस बोलावले असते. नारळाचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "आजोबा, असं परत नसतं द्यायचं," तो म्हणाला. "तो मानाचा नारळ होता."

"मानाचाच परत करायचा असतो," दादा म्हणाले. "आमचा कुठं हाय?"

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. नारळ त्यानं घरी नेऊन आईला दिला होता. आईनं काय केलं माहीत नव्हतं. तिथेच उभ्या उभ्या त्यानं आईला फोन लावला. पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा सैल झाला. "आईनं देवघरात कलशावर ठेवलाय," तो म्हणाला. "आणून देतो. नक्की."

परत येताना टेंपोत पहिल्यांदा हसू फुटलं. कुणीतरी लग्नातलं गाणं धरलं. दादा पुढे बघत बसले होते, आणि मला ते एकदम म्हातारे आणि एकदम हलके दिसले.

मृग अगदी तोंडावर आला होता. गावानं घाईघाईत शाळेवर चढून जमेल तशी कौलं बसवली. वरून काय निर्णय झाला, आमच्या ठरावामुळे झाला का कंपनीलाच दुसरीकडे बरं दिसलं, ते आम्हाला कधी कुणी कळवलं नाही. एवढंच की चित्र घेऊन पुन्हा कुणी आलं नाही. आमच्यावर बातमी आली नाही, फोटो आला नाही. आणि सगळं जिंकलो असंही नाही. शाळेतली पोरं कमीच होती. पोरं कमी झाली की शाळा बंद करायला कंपनी लागत नाही, हे दादाच म्हणायचे.

साहेब मात्र आला. श्रावणाच्या तोंडावर, स्वतःच्या गाडीनं, एकटा. मी तेव्हा नव्हते, वहिनीनं सांगितलं. शाळेच्या पडवीत उभा राहिला, हातात पितळी तांब्या आणि त्यात आमचा नारळ. कलशावर राहून राहून त्याला कोंब फुटला होता, हिरवागार, तलवारीसारखा उभा. "आई म्हणाली, कोंब फुटलेला फोडत नाहीत, लावतात," तो दादांना म्हणाला. बाहेर पाऊस ओतत होता. तेवढ्यात वर्गातून पोरांचा एकच गिल्ला झाला, "दादांचं गळतंय! दादांचं गळतंय!" घाईत लावलेलं आमचंच कौल सरकलं होतं. दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब वर बघत होता, मग पोरांकडे, मग दादांकडे. त्याला ती वाटणी समजावून सांगावी लागली. नारळ दोघांनी मिळून लावला, खळ्याच्या कडेला, झेंड्याच्या खांबापासून जरा लांब. जाताना साहेबानं दादांच्या पायांना हात लावला.

तर या रविवारी मी गेले. जीपमधून उतरायच्या आधीच तो आवाज आला आणि माझे डोळे भरून आले, उगाचच. माड आता स्वराच्या डोक्याबरोबर आलाय. झावळ्या अजून पुरत्या चिरलेल्या नाहीत. कुणीतरी त्याला गुरांपासून जपायला करवंदीचं कुंपण केलंय, काटे बघून ओळखलं, भीमाबाईचं काम. तिचा पोरगा खांबाकडच्या पट्ट्यावर चढलेला होता आणि ती खालून त्याला शिव्या घालत होती.

दादांना आता कुणी चढू देत नाही. ते पडवीत पाट टाकून बसले होते आणि एकेक कौल उचलून टिचकी मारून बघत होते. चांगलं उजवीकडे, बद्द डावीकडे. कान जरा कमी झालेत, म्हणून कौल अगदी कानाशी धरतात. मी शेजारी बसले. बोट आपोआप उठलं.

"माड कधी धरेल हो दादा?"

"सात-आठ वर्सं. जास्ती पन लागतील." त्यांनी एक कौल कानाशी धरलं. "धरंल तवा नारळ पाडायला शाळंत पोरं पायजेत. नायतर काय, वानरं खातील."

आमच्या पट्ट्यावर कोण आहे बघायला मी मागच्या अंगाला गेले. भाऊ शिफ्टवर होता. वर वहिनी होती. साडीचा काचा मारलेला, डोक्याला रुमाल, कौलांखालच्या लाकडी रिपांवर पाय टेकवून बसलेली. आमच्या गावात बाईमाणूस शाळेवर चढल्याचं मी तरी बघितलेलं नव्हतं. खालून दोन-चार जण काहीबाही बोलत होते आणि ती ऐकू न आल्यासारखं करत होती. कौलं उतरवलेली, त्यामुळे वर्गात उन्हाचा एक उभा पट्टा पडला होता. खिडकीतून मी आत डोकावले. उन्हाच्या त्या पट्ट्यात, दुसऱ्या खिडकीजवळच्या बाकावर, स्वरा उभी होती. टाय आणि व्हॅनचा निळा गणवेश गेल्या जूनमध्येच सुटला होता.

"कुठं गं नेमकं?" वहिनीनं वरून विचारलं.

स्वरानं हात वर करून बोट दाखवलं. "आई, हितं बघ. मी हितं बसते. गेल्या पावसात सगळी पोरं मला हसत व्हती."

वहिनी वाकली. खालून मी कौल वर दिलं, टिचकी मारून. तिनं ते हातात घेतलं, आणि माझ्याकडे न बघता, स्वतःही एक टिचकी मारून पाहिली. मग बसवलं. स्वराच्या डोक्यावरचं ऊन तेवढं झाकलं गेलं, आणि तिनं पुढच्या भोकाकडे बोट दाखवलं.